गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग : प्रथिनांची साक्ष

हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात जाणता व्यापारी हळकुंड मोडून पाहिल्याशिवाय भाव करीत नाही; वरची झळाळी फसवी असू शकते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगातही तसेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक शस्त्रक्रियेने कायमची शमते, दुसरी उलटून पसरते. हा फरक बऱ्याच अंशी पेशींतील प्रथिने सांगतात.

पेशींच्या विभाजनावर पहारा ठेवणारे पी-५३ हे प्रथिन १९७९ साली उजेडात आले. ते बिघडलेले आढळले, तर गाठ लहान असूनही आक्रमक समजली जाते. एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ व एमएसएच-६ ही चार प्रथिने जनुकांची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करतात. खतावणीचा रोज ताळा घेणारे मुनीमच म्हणा ना. त्यांतील एखादे गायब असेल, तर प्रतिकारशक्ती चेतवणारी औषधे उपयोगी पडण्याची शक्यता वाढते. शिवाय दोष कधी आनुवंशिक असतो. तसे पुढील तपासणीत ठरले, तर रुग्णाच्या भावांना व मुलांनाही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणजे हा अहवाल एकट्या आईचा राहत नाही. २०२३ साली आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग संघटनेने अशा खुणांना रोगाच्या टप्प्यांच्या वर्गीकरणातच स्थान दिले.

परंतु ही सारी परीक्षा गाठीचा तुकडा हाती आल्यावरची. पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, ही या रोगाची प्रमुख खूण. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत ती आढळते. अशा रक्तस्रावाचे कारण बहुधा साधेच निघते, तरी सोनोग्राफी व गरजेनुसार बायोप्सी टाळू नये. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया मात्र सुनेपाशीही हा शब्द काढीत नाहीत, आणि दुकानाच्या धबडग्यात पुरुष विचारीत नाहीत. रक्तातील सीए-१२५ ची पातळी सामान्य आली म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे. ती चाचणी बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही.

बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात. त्याला पॅराफिन ब्लॉक म्हणतात. काड्यापेटीहून लहान असलेल्या याच ब्लॉकवरून वरील प्रथिनांची तपासणी होते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय असो वा १९४१ पासून परळला उभे असलेले टाटा स्मारक, पुढील उपचारांस जाताना अहवालासोबत तो ब्लॉकही प्रयोगशाळेतून मागून घ्यावा आणि उन्हाच्या झळांपासून जपून न्यावा.