गिअरबॉक्समधले तेल : दातांना घसरण, क्लचला पकड

कोथरूडच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत वाहनांच्या धुराची आणि सुरक्षिततेची तपासणी होते. टेकडीच्या त्या बाजूला पुणेकर ‘एआरएआय टेकडी’ म्हणूनच ओळखतात. दोन-स्ट्रोक इंजिनाचा निळसर धूर हा अशा तपासण्यांतला एके काळचा मोठा विषय होता. हा धूर येतो पेट्रोलमध्ये मिसळून जळणाऱ्या तेलाचा. याच गाडीत आणखी एक तेल असते. ते जळत नाही, दिसत नाही, म्हणून त्याची आठवणही कोणाला राहत नाही. ते म्हणजे गिअरबॉक्समधले तेल. कोणते तेल घालायचे आणि ते केव्हा बदलायचे, या साध्या प्रश्नात घर्षण, श्यानता, उष्णता आणि दाब हे आपल्या अभ्यासक्रमातले चार धडे एकत्र आले आहेत.

एक इंजिन, दोन तेले

चार-स्ट्रोक मोटरसायकलमध्ये इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा असतो. बहुतेक गाड्यांत तेच तेल पिस्टनला, गिअरला आणि क्लचलाही पुरते. दोन-स्ट्रोक इंजिनात असा साठा करता येत नाही. तिथे क्रँक ज्या पेटीत फिरतो तीच पेटी पंपाचे काम करते. पिस्टन वर गेला की पेटीत दाब कमी होऊन पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली आला की ते दाबले जाऊन सिलिंडरमध्ये जाते. या वाटेवर तेल साठवले तर तेही सगळे जळून जाईल. म्हणून पेट्रोलबरोबर थोडे थोडे तेल पाठवायचे आणि त्याला काम करून जळून जाऊ द्यायचे, अशी व्यवस्था असते. यालाच आपण ‘टू-टी ऑइल’ म्हणतो.

गिअर आणि क्लच मात्र शेजारच्या बंद पेटीत, वेगळ्या तेलात असतात. बजाज ऑटोची १९७२ पासून विकली गेलेली चेतक स्कूटर, यामाहाची आरएक्स १०० आणि शर्यतीची दोन-स्ट्रोक डर्ट बाइक या तिन्हींची रचना या बाबतीत सारखीच. चेतकच्या पेटीत सुमारे पाव लिटर तेल मावे. ८५ ते २५० सीसीच्या डर्ट बाइकमध्ये ते साधारण अर्ध्या ते पाऊण लिटरच्या आसपास असते.

दोन्ही तेलांची अदलाबदल चालत नाही. टू-टी तेल जळून कमीत कमी राख राहावी असे बनवलेले असते. गिअरच्या दातांमधला दाब सोसण्यासाठी ते नसते. उलट गिअरचे तेल पेट्रोलमध्ये गेले, तर प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते.

दोन उलटी कामे

गिअरचे दोन दात एकमेकांना भिडतात तेव्हा सगळे बळ एका अरुंद रेषेवर येते. तिथे तेलाचा जो थर टिकतो त्याची जाडी मायक्रोनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास किंवा त्याहूनही कमी असते. हा थर फाटला की धातू धातूला घासतो. म्हणजे दातांच्या दृष्टीने तेल जितके निसरडे तितके चांगले.

पण त्याच तेलात क्लच बुडालेला असतो. क्लचमध्ये चकत्यांची चवड असते : एक अस्तर लावलेली, एक साधी पोलादी, पुन्हा एक अस्तर लावलेली. स्प्रिंगच्या जोरावर त्या एकमेकींवर दाबल्या गेल्या की इंजिनाची शक्ती चाकाकडे जाते. इथे चकत्या घसरता कामा नयेत! तेल फार निसरडे असेल तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पुढे जात नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘क्लच स्लिप होतोय.’

एकाच तेलाकडून आपण दातांसाठी घसरण मागतो आणि क्लचसाठी पकड. निवडीचा सगळा प्रश्न या पेचात आहे. म्हणून ‘महाग ते चांगले’ किंवा ‘निसरडे ते चांगले’ हे नियम इथे लागू पडत नाहीत. मोटारीच्या इंधन वाचवणाऱ्या इंजिन-तेलांत घर्षण कमी करणारी रसायने मिसळलेली असू शकतात. मोटारीचा क्लच कोरडा, तेलाबाहेर असतो, म्हणून तिथे ती उपयोगी ठरतात. ओल्या क्लचला तीच घातक.

हा गोंधळ टाळण्यासाठी जपानी वाहन-मानक संस्थेने १९९८ मध्ये ‘जॅसो’ वर्गवारी आणली. डब्यावर ‘जॅसो एमए’ (किंवा नंतर आलेले एमए-१, एमए-२) असेल तर ते तेल ओल्या क्लचला पुरेशी पकड देते. ‘एमबी’ असेल तर त्यात घर्षण कमी असते; ज्या स्कूटरचा क्लच तेलात नसतो तिच्यासाठी ते असते.

आकडा वाचण्याआधी पट्टी पाहा

दुसरा गोंधळ आकड्यांचा. जुन्या स्कूटरला ‘तीस नंबर’ तेल घालायचे, असे पुस्तिकेत असे. पण ‘गिअरचे तेल म्हणजे नव्वद नंबर, ते घट्ट आणि म्हणून जास्त चांगले’ अशीही एक समजूत आहे. हे आकडे अमेरिकेतील एसएई या संस्थेने ठरवलेले आहेत, आणि ते एका पट्टीवरचे नाहीत. इंजिन-तेलाची पट्टी वेगळी, गिअर-तेलाची वेगळी. दोन्हींत घोटाळा होऊ नये म्हणूनच इंजिन-तेलाचे आकडे ६० पर्यंत आणि गिअर-तेलाचे त्याच्या पुढे ठेवले आहेत.

श्यानता सेंटिस्टोक या एककात मोजतात. साध्या तापमानाच्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटिस्टोक असते. १०० अंश सेल्सिअसला एसएई ३० इंजिन-तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ आणि एसएई ४० ची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावी लागते. गिअरच्या पट्टीवरचे ८० नंबरचे तेल ८.५ ते ११ मध्ये, आणि ९० नंबरचे १३.५ ते १८.५ मध्ये बसते. म्हणजे गिअरचे ८० हे इंजिनाच्या ३० पेक्षा पातळ असू शकते आणि गिअरचे ९० हे इंजिनाच्या ४० च्या जवळपास असते. नव्वद हा आकडा तिसाच्या तिप्पट आहे, तेल मात्र तिप्पट घट्ट नाही.

‘१० डब्ल्यू-४०’ सारख्या नावातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. १० डब्ल्यू तेल थंडीत इंजिन सुरू होऊ देते की नाही, ते उणे २५ अंशांना तपासतात. पुण्यात पारा शून्याखाली जात नाही, त्यामुळे हा पहिला आकडा आपल्याकडे फारसा निर्णायक नाही. म्हणूनच जुन्या स्कूटरचे काम एकाच श्रेणीच्या तेलावर वर्षानुवर्षे भागले.

अति घट्ट तेलानेही त्रास होतोच. सकाळी क्लच दाबला तरी चकत्या सुटत नाहीत, गाडी पुढे सरकू पाहते, न्यूट्रल सापडत नाही. अति पातळ तेलात दातांमधला थर टिकत नाही. म्हणून पुस्तिकेतली श्रेणी हाच मध्यबिंदू मानावा.

डब्यावरची ‘जीएल-४’, ‘जीएल-५’ ही अक्षरे दाब सोसण्याची क्षमता सांगतात. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे अधिक असतात. ती ट्रकच्या मागच्या आसातील, सरकत भिडणाऱ्या गिअरसाठी आवश्यक असतात. मोटरसायकलच्या सरळ दातांच्या गिअरला त्यांची गरज नसते. उलट काही संयुगे तापल्यावर पितळ आणि कांशाच्या बुशांना खातात.

न जळणारे तेल खराब कसे होते?

गिअरबॉक्समध्ये ज्वलनाची काजळी येत नाही. मग तेल बदलायचे कशाला? याची तीन कारणे आहेत. क्लचच्या अस्तराची आणि धातूची झीज तेलात साचते. बहुश्रेणी तेलात श्यानता राखण्यासाठी घातलेले लांब रेणू गिअरच्या दातांत अक्षरशः तुटतात आणि तेल पातळ होते. तिसरे कारण उष्णता.

एक साधे गणित करू. वाळूतून किंवा चढावर जाताना स्वार क्लच अर्धवट दाबून धरतो. घसरणाऱ्या चकत्यांत २ किलोवॅट शक्तीची उष्णता ५ सेकंद होत राहिली असे धरू. म्हणजे १० किलोज्यूल. अर्ध्या लिटर तेलाचे वस्तुमान सुमारे ०.४३ किलोग्रॅम आणि विशिष्ट उष्मा सुमारे २ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश. सगळी उष्णता तेलातच गेली तर तापमान साधारण १२ अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता धातूत जाते, पण शर्यतीत असे घसरणे प्रत्येक वळणावर होते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचा मार्ग तयार करून सुपरक्रॉसची शर्यत झाली, तेव्हा गाड्या असेच सतत उड्या आणि वळणे घेत होत्या. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचे तेल किलोमीटरवर बदलतात, तर शर्यतीच्या गाडीचे चालवलेल्या तासांवर किंवा शर्यतींच्या संख्येवर. नव्या गाडीचे पहिले तेल मात्र लवकर बदलावे, कारण सुरुवातीला दातांवरचे बारीक उंचवटे झिजून तेलात उतरतात.

बदलण्याची रीत

गाडी पाचेक मिनिटे चालवून इंजिन कोमट करावे. तेल पातळ होते आणि कण खाली न बसता तेलाबरोबर बाहेर येतात. मग इंजिन बंद करून गाडी सरळ उभी करावी, खाली पसरट भांडे ठेवावे, वरचे झाकण काढून हवेला वाट द्यावी आणि खालचा बोल्ट सोडावा. तेल गरम असते, हात जपावा. बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लेप पुसावा. वायसर नवा घालावा. पेटी ॲल्युमिनियमची असल्याने बोल्ट जोर लावून आवळला तर आटे जातात; पुस्तिकेत सांगितला तेवढाच आवळावा. नवे तेल मोजपात्राने घालावे, अंदाजाने नव्हे. थोडी गाडी चालवून, सरळ उभी करून पातळी पाहावी.

निघालेले तेल काय सांगते?

भांड्यातले तेल म्हणजे पेटीचा रक्ततपासणी अहवालच. काळपट तेल आणि बोल्टवर पेस्टसारखा लेप ही नेहमीची झीज. नखाने उचलता येतील असे पोलादाचे तुकडे निघाले तर दात तुटला असण्याची शक्यता आहे. गाडी चालवू नये. ताकासारखे पांढरट तेल म्हणजे पाणी शिरले. ते नदीनाला ओलांडताना श्वासनळीतून आले असेल, किंवा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात पंपाचे सील गेले असेल.

सर्वांत बोधप्रद प्रकार निराळाच आहे : तेल मोजून घातले होते, खाली एक थेंब गळलेला नाही, तरी निघाले कमी, आणि सायलेन्सरमधून धूर मात्र वाढला. मग ते गेले कुठे? क्रँकची पेटी आणि गिअरची पेटी यांच्यामध्ये रबराचे सील असते. ते झिजले की पिस्टन वर जाताना कमी झालेला दाब गिअरचे तेल ओढून घेतो आणि ते जळते. याच्या उलटही होते. पेट्रोल गिअरबॉक्समध्ये येते, तेलाला पेट्रोलचा वास येतो आणि पातळी वाढते. अशा गाडीत नुसते तेल भरत राहणे व्यर्थ. सीलच बदलावे लागते.

वर्गात करून पाहा

सुई नसलेल्या चार सारख्या सिरिंजा घ्या. एकीत शेंगदाण्याचे तेल, दुसरीत एसएई ३०, तिसरीत एसएई ४०, चौथीत ९० नंबरचे गिअर-तेल १० मिलिलिटरपर्यंत भरा. दट्ट्या काढून प्रत्येक तेल खाली पडायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग तेलाच्या बाटल्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पुन्हा मोजा (तेल कधीही थेट आचेवर ठेवू नये). तापमान आणि वेळ यांचा आलेख काढायला सांगा. ४० आणि ९० यांच्या वेळांचे गुणोत्तर आकड्यांच्या गुणोत्तरासारखे सव्वादोन येते का, हे विद्यार्थ्यांनी आधी ओळखावे आणि नंतर पडताळावे.

जुन्या तेलाचे काय?

कोथरूडच्या उतारांवरचे पाणी ओढ्यानाल्यांतून मुठेला मिळते. गटारात ओतलेले तेलही त्याच वाटेने जाते. चेतकच्या पेटीतले पाव लिटर, म्हणजे २५० घन सेंटिमीटर तेल पाण्यावर एक मायक्रोन जाडीने पसरले, तर त्याचे क्षेत्रफळ २५० चौरस मीटर होते : बॅडमिंटनच्या तीन मैदानांएवढे. या तवंगाखालच्या पाण्यात हवेतला प्राणवायू नीट मिसळत नाही. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. नोंदणीकृत कारखान्यांत ते शुद्ध करून पुन्हा वापरात आणता येते. म्हणून ते झाकणाच्या डब्यात भरून, पाणी वा पेट्रोल न मिसळता, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

दोन-स्ट्रोक चेतक आता बनत नाही. २०१९ मध्ये ते नाव विजेच्या स्कूटरसाठी परत आले. पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि मुलांच्या ८५ सीसी शर्यतींत दोन-स्ट्रोक इंजिने अजून धावतात. एखादा विद्यार्थी डबा घेऊन ‘सर, हे चालेल का?’ असे विचारायला आला, तर त्याला तीनच प्रश्न विचारावेत : क्लच तेलात आहे का? आकडा कोणत्या पट्टीवरचा आहे? आणि निघालेले तेल कुठे जाणार आहे?