पाठ फिरवा, पैसे वाचवा!

समुद्रात कटलफिश नावाचा एक प्राणी राहतो. नावात 'फिश' असलं तरी तो मासा नाही, ऑक्टोपसच्या भाऊकीतला आहे. आठ हात, शिवाय दोन लांबलचक सोंडा, तीन हृदयं आणि निळसर-हिरवं रक्त! एवढा ऐवज असलेल्या प्राण्याची शास्त्रज्ञांनी परीक्षा घ्यायची ठरवली. प्रश्न एकच होता: समोर खाऊ असताना याला थांबता येतं का?

टाकीत दोन पारदर्शक कप्पे ठेवले. एकात कोळंबीचा नुसता तुकडा, त्याचं दार लगेच उघडणार. दुसऱ्यात जिवंत, टुणटुणीत छोटी कोळंबी, म्हणजे कटलफिशची खरी मेजवानी. पण तिचं दार उशिरा उघडणार. तुकड्याकडे झेपावलात की मेजवानी रद्द! दारांवर खुणा होत्या आणि त्यांचा अर्थ कटलफिशना आधीच शिकवला होता. वर्तुळ म्हणजे लगेच, त्रिकोण म्हणजे थांबा, चौकोन म्हणजे दार उघडणारच नाही.

सहाच्या सहा कटलफिश थांबले! कुणी ५० सेकंद, तर कुणी १३० सेकंदांपर्यंत. मेजवानीच्या दारावर चौकोन असला, की मात्र ते उगाच वाट बघत बसायचे नाहीत, समोरचा तुकडा गट्टम करायचे. २०२१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. थांबायची वेळ आली की काही वेळा हे प्राणी तुकड्याकडून चक्क अंग वळवून घ्यायचे. नकोच ते बघणं!

आता माणसांच्या पिल्लांकडे येऊ. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल नावाचे मानसशास्त्रज्ञ असाच खेळ खेळायचे. मुलांना सांगायचं, 'मी परत येईपर्यंत थांबलास तर तुझा आवडता खाऊ मिळेल. मला आधीच बोलावलंस तर दुसरा, कमी आवडता.' १९७० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने छापलेले आकडे बघा. दोन्ही खाऊ समोर उघडे ठेवले, तेव्हा मुलं सरासरी एकच मिनिट थांबली. खाऊ नजरेआड ठेवले, तेव्हा सरासरी ११ मिनिटं! वय तेच, बालवाडी तीच, फरक फक्त खाऊ दिसतो की नाही एवढाच. जी मुलं तग धरून होती, ती काय करत होती? कुणी डोळे झाकले, कुणी गाणी म्हटली, कुणी स्वतःशीच गप्पा मारल्या. एकाने तर झोपायचा प्रयत्न केला!

म्हणजे आपण समजतो तसं 'मनावर दगड ठेवून' वगैरे थांबायचं नसतंच. डोळ्यांना फसवायचं असतं.

दुकानदारांना हे चांगलं ठाऊक आहे, बरं का. गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या गल्ल्यावर, अगदी तुमच्या नाकासमोर का असतात? आणि मोबाईलवर 'फक्त आजच!' असं का चमकत असतं? तुमच्या खिशातली दिवाळीची ओवाळणी खिशातच राहू नये म्हणून. खिसा ही पैसे ठेवायची सगळ्यात वाईट जागा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हात गेला की नोट लागते, नोट लागली की भूक लागते.

म्हणूनच कुंभाराकडची मातीची बचतपेटी मला फार हुशार वाटते. वरती एक चीर आणि बाकी सगळं बंद. पैसे आत जाताना सहज जातात, पण नंतर दिसत नाहीत आणि काढायचे तर ती फोडावीच लागते. इंडोनेशियातल्या जावा बेटावर तर १४व्या-१५व्या शतकातल्या, मातीच्या रानडुकरांच्या आकाराच्या अशा पेट्या सापडल्या आहेत. बाजारात हल्ली किल्लीवाल्या पेट्याही मिळतात, पण किल्ली आपल्याच दप्तरात असेल तर काय उपयोग?

एक गोष्ट मात्र आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवा. २०१३ साली अमेरिकेतलाच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना आधी चित्रकलेचं छान साहित्य आणून देण्याचं वचन दिलं. काहींना ते दिलं, काहींपुढे मोठी माणसं हात हलवत परत आली. मग खाऊ समोर ठेवून थांबायला सांगितलं. ज्यांना दिलेलं वचन पाळलं होतं, ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली आणि फसवली गेलेली फक्त ३. त्यात त्या मुलांचं काय चुकलं? चौकोनाची खूण दिसल्यावर कटलफिशही थांबत नव्हतेच की. तेव्हा मुलांच्या बचतीतून 'उद्या देते गं' म्हणून पैसे घ्यायचे, तर उद्याच परत द्यायचे!

तुम्ही आता एक करा. हवीहवीशी वस्तू दिसली की तिची किंमत कागदावर लिहा, दुकानाकडे पाठ करा आणि आठ दिवसांनी तो कागद पुन्हा वाचा. अजूनही हवी असेल तर खुशाल बचत मोजायला बसा. आणि दहा वर्षं पूर्ण झाली असतील, तर घरातल्या मोठ्यांना घेऊन पोस्टात जा. तिथे १८८२ सालापासून बचत बँक चालू आहे, आणि दहा वर्षांवरच्या मुलामुलींना स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीचं खातं उघडता येतं.