उंचीचा निकष (सुरक्षा दल भरती)

उंचीचा निकष हा सुरक्षा दलांच्या भरतीतील शारीरिक पात्रतेचा भाग आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांसाठी सर्वसाधारण किमान उंची १७० सेंमी व महिलांसाठी १५७ सेंमी असते. अनुसूचित जमातींसाठी ती अनुक्रमे १६२.५ व १५० सेंमी आहे. धावण्याच्या चाचणीत मात्र अशी सवलत नाही. पुरुषांना ५ किमी अंतर २४ मिनिटांत, तर महिलांना १.६ किमी अंतर साडेआठ मिनिटांत पूर्ण करावे लागते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत हा फरक महत्त्वाचा ठरतो. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२-९३ मधील बालमृत्यूंमुळे या भागातील कुपोषण राज्यभर चर्चेत आले. बालपणीच्या दीर्घ कुपोषणाने खुंटलेली उंची पुढे सहसा भरून निघत नाही. धावण्याची क्षमता मात्र सरावाने वाढते. त्यामुळे वेगाने धावणारा उमेदवारही केवळ उंचीअभावी अपात्र ठरू शकतो.

वरकरणी समान निकषाचा परिणाम असमान असू शकतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च २०२१ रोजी लेफ्टनंट कर्नल नितीशा खटल्यात लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी कमिशनसंदर्भात मान्य केले. पुरुषांना तरुण वयात लावलेला वैद्यकीय निकष महिलांना उतारवयात लावणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरला.