दाराचा भार आणि स्प्रिंगचें मोल

अमेरिकेंत स्वतंत्र घर घेऊन राहणाऱ्या गृहस्थावर एक प्रसंग केव्हां ना केव्हां येतो. सकाळीं कामावर निघण्याची घाई असते, मोटार गॅरेजमध्यें उभी असते, आणि दार उघडूं जावें तों तें वीतभर उचलून जागच्या जागीं थांबतें. रात्रीं बंदुकीच्या बारासारखा आवाज कशाचा झाला, याचा उलगडा मग होतो. दाराच्या माथ्यावरची स्प्रिंग तुटलेली असते. कारागीर येतो, तास-दीड तासांत नवी स्प्रिंग बसवितो आणि दोन-तीनशे डॉलरांचें बिल हातावर ठेवतो. पोलादी तारेचें तें एक वेटोळें, आणि त्याला एवढे पैसे! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असेंच त्या गृहस्थास वाटतें. पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतील मुलें आज त्या देशांत संसार करीत आहेत. त्यामुळें ही तक्रार इकडच्या कानांवरहि येते. ती कितपत रास्त आहे हें ठरवावयाचें तर, ती स्प्रिंग करते तरी काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

तिकडील गॅरेजचें दार दोन कवाडें बाहेर उघडावीं अशा जातीचें नसतें. आडव्या फळ्या एकीखालीं एक बिजागऱ्यांनीं जोडून तें केलेलें असतें. दोन्ही बाजूंच्या रुळांतून, लहान चाकांवर सरकत तें वर चढतें आणि छताखालीं आडवें होऊन राहतें. सी. जी. जॉन्सन या अमेरिकन गृहस्थांनीं १९२१ सालीं असें दार प्रचारांत आणिलें, आणि १९२६ सालीं तें विजेवर चालविण्याचें यंत्रहि काढलें. दोन मोटारींच्या गॅरेजचें दार साधारणतः १६ फूट रुंद व ७ फूट उंच असतें, आणि त्याचें वजन १५० ते २५० पौंडांच्या घरांत जातें. इतकें जड दार घरांतील कोणीहि मोठें माणूस एका हातानें उचलूं शकतें, आणि विजेचें यंत्र अर्ध्या अश्वशक्तीचें असलें तरी पुरतें. ही किमया यंत्राची नव्हे. यंत्र दाराला केवळ हलवितें. भार पेलते ती स्प्रिंग.

तिची योजना मोठी सुबक आहे. दाराच्या वर, भिंतीला लागून, एक आडवा लोखंडी दांडा असतो. त्याच्या दोन टोकांस दोन चाकें. त्या चाकांवर गुंडाळलेले दोन पोलादी दोर. आणि दोरांचीं खालचीं टोकें दाराच्या तळाशीं अडकविलेलीं. याच दांड्यावर स्प्रिंग ओंवलेली असते. तिचें एक टोक भिंतीवरील पट्टीला पक्कें केलेलें, तर दुसरें दांड्याला जखडलेलें असतें. घड्याळाला किल्ली द्यावी तसा तिला पीळ देतात. दार ७ फूट उंच असेल तर तें मिटलेलें असतांना हे वेढे सामान्यतः साडेसात असतात. दार खालीं उतरतांना त्याचें वजन स्प्रिंगला पिळतें. वर जातांना स्प्रिंग ती सांठविलेली शक्ति दाराला परत देते.

स्प्रिंगला जितका ताण द्यावा, तितक्याच प्रमाणांत ती उलट जोर करते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं विवरून सांगितला. त्याचा येथें फार चांगला उपयोग होतो. दार वर चढूं लागलें कीं स्प्रिंग उलगडते आणि तिचा जोर उतरतो. पण त्याच वेळीं दाराच्या वरच्या फळ्या एकामागून एक आडव्या रुळांवर विसावतात, आणि दोरांना लोंबणारें वजनहि कमी होत जातें. तराजूचीं दोन्ही पारडीं जणूं बरोबरीनें हलकीं होतात. इकडील दुकानांचें पन्हळी पत्र्याचें शटर हाताच्या एका हिसक्यासरशीं वर जातें, तेंहि याच तत्त्वावर. तेथें स्प्रिंग वरच्या नळींत दडलेली असते, एवढाच फरक.

आतां स्प्रिंगच्या आयुष्याकडे वळावें. पोलादाला वारंवार पिळलें आणि सोडलें कीं त्यांत डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर पडते, ती प्रत्येक वेळीं किंचित् वाढते, आणि एके दिवशीं तार तुटते. म्हणून स्प्रिंगचें आयुष्य वर्षांत न मोजतां फेऱ्यांत मोजतात. दार एकदां उघडून मिटलें कीं एक फेरी झाली. सामान्य स्प्रिंग सुमारें १०,००० फेऱ्यांच्या हिशेबानें केलेली असते. दिवसाला चार फेऱ्या होत असतील तर वर्षाच्या १,४६० होतात, आणि स्प्रिंग सुमारें सात वर्षें पुरते. पुष्कळ अमेरिकन घरांत गॅरेजचें दार हेंच जाण्यायेण्याचें मुख्य दार होऊन बसलेलें असतें. तेथें दिवसाला आठ फेऱ्या सहज होतात, आणि साडेतीन वर्षांतच स्प्रिंग संपते. अशा वेळीं मालाला दोष देणें व्यर्थ होय. स्प्रिंग अवेळीं मेली नाहीं. तिचें मोजकें आयुष्य घरानेंच लवकर खर्चिलें.

बिलांत पैसा कशाकशाचा असतो? एक स्प्रिंग बदलण्यास तिकडे सांप्रत साधारणतः १५० ते ३५० डॉलर पडतात. त्यांत पोलादाचा वांटा लहान असतो. उरलेला पैसा कारागिराच्या येण्याजाण्याचा, दाराचें वजन व तारेची जाडी पाहून योग्य स्प्रिंग निवडण्याचा, आणि विशेषतः ती गुंडाळण्याचा. हें गुंडाळणें म्हणजे पोरखेळ नव्हे. स्प्रिंगच्या टोकाशीं असलेल्या भोंकांत दोन पोलादी कांबी आळीपाळीनें घालून एका वेळीं पाव वेढा, असे तीस पाव वेढे द्यावयाचे असतात. आणि दर पाव वेढ्यागणिक हातांतील कांब अधिकाधिक जोरानें उलट फिरूं पाहते. कांबीऐवजीं स्क्रूड्रायव्हर वापरला आणि तो निसटला, तर बोटें, दांत वा डोळा गमावण्याची पाळी येते. दाराच्या तळाशीं दोर अडकविलेल्या पट्टीचे स्क्रू दार मिटलेलें असतांना सैल करणेंहि तितकेंच घातक, कारण तो सारा ताण त्या पट्टीवर आलेला असतो. मजुरीचे शंभर-दोनशे डॉलर वांचविण्यासाठीं घरच्या माणसानें या कामाला हात घालणें शहाणपणाचें नव्हे.

तेव्हां मजुरीविषयींची तक्रार फारशी टिकत नाहीं. तक्रारीला जागा आहे ती निराळीच. बसविलेली स्प्रिंग किती फेऱ्यांची आहे, हें गिऱ्हाईक बहुधा विचारीत नाहीं आणि कारागीर बहुधा सांगत नाहीं. वास्तविक बिलाचा खरा हिशेब तेथेंच आहे. तार एक-दशांशानें जाड घेतली तर स्प्रिंगचा ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो. म्हणून तिचीं वेटोळींहि त्याच मानानें वाढवावीं लागतात, आणि पोलाद पावणेदोनपट लागतें. पण तारेवरील ताण पाऊणपटीवर उतरतो, आणि ताण एवढा उतरला कीं आयुष्य कितीतरी वाढतें. समजा, १०,००० फेऱ्यांची स्प्रिंग २५० डॉलरांत बसली आणि २०,००० फेऱ्यांची ३०० डॉलरांत. पहिलीची एक फेरी अडीच सेंटांना पडते, दुसरीची दीड सेंटाला. शिवाय मधली एक मजुरी व एक खोळंबा वांचतो, तो वेगळाच. मात्र वर्षां-दोन वर्षांत घर विकून जाणाऱ्यानें साधीच घ्यावी.

दाराला दोन स्प्रिंगा असतील आणि त्यांतील एक तुटली, तर दुसरीहि बदलून घ्यावी. दोघींच्या फेऱ्या सारख्याच झालेल्या असतात, आणि मागाहून दुसरीसाठीं कारागिराला पुन्हां बोलाविणें महाग पडतें. कांहीं दारांना रुळांच्या बाजूला ताणल्या जाणाऱ्या लांब स्प्रिंगा असतात. त्यांच्या पोटांतून संरक्षक दोर ओंवलेला आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें, नाहीं तर तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. ‘जन्मभराची हमी’ असे शब्द कानीं पडले, तर ती हमी केवळ मालाची आहे कीं मजुरीचीहि, हें लेखी विचारावें.

स्प्रिंग धड असतांना तिची परीक्षा वर्षांतून दोन वेळां घरच्या घरीं होऊं शकते. दार मिटलेलें असतांना विजेच्या यंत्राची सांखळी सोडवावी, दार हातानें निम्म्यापर्यंत उचलावें आणि हात जवळच ठेवून सैल करावा. दार तेथेंच स्थिर राहिलें तर तोल ठीक आहे. खालीं बसूं लागलें तर स्प्रिंगचा जोर ओसरला आहे असें समजावें. तुटलेल्या स्प्रिंगच्या दाराखालीं मात्र कोणीं उभें राहूं नये व बटण दाबून तें उचलण्याचा हट्टहि धरूं नये. अशानें यंत्राचीं दांतेरीं चाकें झिजतात आणि दोनशेंचें काम पांचशेंवर जातें. फेऱ्यांचा अंदाज ठेवून, स्प्रिंग तुटण्यापूर्वींच सवडीच्या दिवशीं ती बदलून घेणाऱ्याला चार ठिकाणीं भाव विचारतां येतो. मोटार आंत अडकलेली असतां दारावर आलेल्या पहिल्याच कारागिराला मागेल तें द्यावें लागतें.