मंद्र स्वरावलीचे लेखन : एक भाषाशास्त्रीय विचार

ऐकलेला ध्वनी कागदावर उतरविणे म्हणजे निवड करणे होय. ‘जग’ हा शब्द ‘विश्व’ या अर्थी आणि ‘जगणे’ या धातूचे आज्ञार्थी रूप म्हणून सारखाच लिहिला जातो. उच्चार मात्र पहिल्यात तालव्य, दुसऱ्यात दंततालव्य. लिपीने गाळलेले मराठी भाषकाचा कान भरून काढतो. परक्यास ती सोय नसते. लॅटिन जॅझमधील डबल बेस या वाद्याची स्वरावली लिहिताना आपण अशाच परक्याच्या जागी असतो.

या लयी महाराष्ट्रास सर्वस्वी अनोळखी नाहीत. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील संगीतात त्यांची छाया दिसते. त्यांच्याबरोबर काम करणारे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे गोमंतकीय; आणि गोव्यातील चर्चशाळांत पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले जात असे.

क्यूबाचे बेसवादक इस्राएल ‘काचाओ’ लोपेस (१९१८–२००८) यांच्या परंपरेतील ‘तुंबाओ’ ही रचना पाहू. चार मात्रांच्या आवर्तनात एक आघात दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात व दुसरा चौथ्या मात्रेवर पडतो. चौथ्या मात्रेवरील स्वर पुढील आवर्तनाच्या स्वरसंघाचा असून तो समेवरून लांबत जातो. एकच स्वरसंघ चालू असता भातखंडे पद्धतीने हे । ऽ ऽप ऽ सा । असे लिहिता येईल. सम रिकामीच राहते.

येथेच आपला कान फसतो. समेवर जोर अपेक्षिणारा श्रोता चौथ्या मात्रेलाच सम मानतो. मग प्रत्येक स्वर अचूक असूनही सारे लेखन एका मात्रेने सरकते. परभाषा आपण स्वभाषेच्या वर्णव्यवस्थेच्या चाळणीतून ऐकतो, हे त्रुबेत्स्कॉय यांनी १९३९ च्या ग्रंथात मांडलेले तत्त्व ते हेच. यावर उपाय असा की, प्रथम ‘क्लावे’ निश्चित करावी. दोन आवर्तनांत तिचे पाच आघात असतात, एकात तीन व दुसऱ्यात दोन. तीन आघातांच्या आवर्तनातील शेवटचे दोन आघात तुंबाओच्या आघातांशी जुळतात. ते न जुळल्यास सम चुकली असे समजावे.

दुसरी अडचण मंद्रतेची. बेसची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ कंपने देते. लहान ध्वनिवर्धक ती नीट ऐकवीत नाही. कान वरच्या सहस्वरांवरून मूळ स्वर ताडतो व सप्तकाची चूक सहज होते. ध्वनिफीत दुप्पट वेगाने फिरविल्यास स्वर एक सप्तक वर येऊन स्पष्ट होतो. काल मोजण्यासाठी मात्र वेग कमी करावा. आज संगणकामुळे स्वर न ढळता ते साधते.

उरतो प्रश्न सूक्ष्म विलंबांचा. चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्ये वाजविण्यासाठीचे लेखन आणि घडलेल्याचे वर्णन करणारे लेखन असा भेद केला. त्या परंपरेच्या वादकांस जो भेद अर्थपूर्ण वाटतो तो पहिल्यात यावा. बाकीचे दुसऱ्यासाठी राखावेत. गारगोटीच्या परिसरात धनगरी ढोलाचे लेखन करू पाहणाऱ्या संशोधकासही हाच नियम लागू पडतो. सम कोठे आहे हे त्याने आधी वादकास विचारावे आणि मगच लेखणी हाती घ्यावी.