टेनिस बॉलचा गोलंदाज

मानकोलीच्या आसपास आता गोदामांचीच गर्दी. तरी भातकापणीनंतर भिवंडीच्या आगरी पट्ट्यात मोकळी राहिलेली शेतं टेनिस बॉल क्रिकेटची मैदानं होतात. डाव मोजक्या षटकांचा, त्यामुळे फलंदाज पहिल्या चेंडूपासून मारायलाच बघतो. मग गोलंदाजाने करायचं काय?

लेदरचा चेंडू सुमारे 160 ग्रॅमचा, साधा टेनिस बॉल 58 ग्रॅमच्या आसपास. स्पर्धांतला थोडा जड असतो. त्याला उंच शिवण नाही, पण उसळी भरपूर. आखूड टप्प्याचा चेंडू आयता बॅटवर येतो. म्हणून यॉर्कर. पायाशी पडलेल्या चेंडूखाली बॅट जात नाही. हुकला तर दांडी गुल. एकाच चेंडूत धावाही रोखल्या जातात आणि विकेटही मिळते. दुसरं हत्यार संथ चेंडू. हलका चेंडू हवेत लवकर मंदावतो, बॅट आधीच फिरते आणि झेल उडतो. तो झेल मात्र हात मागे घेतच पकडावा. ताठ तळव्यांवरून चेंडू उसळून निसटतो.

2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची आयएसपीएल ही लीग सुरू झाली, दहा-दहा षटकांची. तिथेही षटकारांचंच कौतुक जास्त. माझ्या मते शेवटच्या षटकात सलग यॉर्कर टाकणं षटकार मारण्याहून अवघड.