पहिल्या नृत्यवर्गाला जाण्याआधी

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "पन्नाशीत कथक शिकायला जायचंय, तयारी काय करू?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे. जी गोष्ट येत नाही ती माणूस करायला लागतो तरी कशी?

ॲरिस्टॉटलचं उत्तर असं, की घरं बांधता बांधताच माणूस गवंडी होतो. म्हणजे आधी येणं आणि मग करणं, असा क्रम नाहीच. गिल्बर्ट राइलनं १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये आणखी एक भेद स्पष्ट केला. एखाद्या गोष्टीविषयी माहिती असणं वेगळं, ती करता येणं वेगळं. आपण मोठी माणसं पहिल्यात पटाईत असतो. अडतं ते दुसऱ्यात.

कथकचंच उदाहरण घेऊ. तीनतालाच्या मात्रा सोळा. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्या मात्रेवर. हे पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. आता तत्कार बघा: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या चार बोलांना पाय उजवा, डावा, उजवा, डावा. पुढच्या चारांना डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे 'तत्' डाव्यावर पडला आणि लगेच 'आ'सुद्धा डाव्यावरच. चालण्याची सवय इथे आडवी येते. डोकं 'डावा' म्हणतं आणि पाय उजवाच पुढे करतो!

म्हणून घरी करायची तयारी एवढीच. आठवडाभर रोज दहा मिनिटं हातानं ताल धरून बोल तोंडानं म्हणा. याला पढंत म्हणतात. पाय नंतर. कपडे सुती आणि सैल, पण पायात न अडकणारे. ओढणी खांद्यावरून घेऊन कमरेला घट्ट बांधा. जेवण दोन तास आधी उरकून घ्या. नाच अनवाणी असतो आणि तळवा जमिनीवर सपाट आपटावा लागतो. तेव्हा गुडघा, टाच किंवा कंबर दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि गुरूंनाही पहिल्याच दिवशी सांगा. त्यात लाज कसली? घुंगरांची खरेदी मात्र थांबवा. ते केव्हा बांधायचे हे गुरू सांगतील.

आता आमची गोष्ट. निवृत्तीनंतर आम्ही दोघं अशाच एका वर्गाला निघालो. जिन्यातच आतल्या लहान मुलींचे घुंगरू ऐकू आले आणि आम्ही चक्क परत फिरलो. घरी येऊन चहा घेतला, गुडघ्यांना दोष दिला. दोष गुडघ्यांचा नव्हता. चाळीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या होत्या. आपली चूक चारचौघांत दिसावी, याचा सराव राहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात गेलो. पाचव्या मात्रेला चुकलो. शेजारची दहा वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, परत डावा." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. ती स्वतःही तिथेच चुकली असणार.

तेव्हा ताई, ओढणी बांधा, बोल पाठ करा आणि चुकायची तयारी ठेवा. बाकीचं पाय शिकतील.